पुढं न आलेली काठी

— राजानं तो दंड पुढं केलाच नसता तर? सांगा ना, पाळकसाहेब. लहानपणी रविवारच्या शाळेत विचारलं होतं, बाई म्हणाल्या गप्प बस. आता तुम्ही सांगा. बसा, प्रार्थना नंतर. आबा आत आहेत, बाहेर येणार नाहीत. चालता कुठं येतंय त्यांना.

तुमचाच शब्द तो — शर्वीत. हिब्रूत राजाच्या हातातला दंड. न बोलावता दरबारात शिरलं की मरण, पण राजानं दंड पुढं केला, बायबलातल्या त्या एस्तेर राणीनं टोकाला हात लावला, की वाचली. काय रंगवून सांगितलंत! ताईनं सासरी, पहूरला मोबाइलवर ऐकलं ते. ऐकून मला फोन — "आबा काठी पुढे करी ना रे?" मी म्हटलं करतील, ये तू. — हो, मीच म्हटलं! मला काय माहीत, तुम्ही आबांना काय सांगून ठेवलंय? चर्चबाहेरच्या मगनशी लग्न केलं म्हणून कोकिळाताईला मंडळीतून काढली, बरं, काढा. पण मंडळी परत घेईपर्यंत बापानंही घरात घ्यायची नाही — हे कोण म्हणालं? खाली नका बघू. इकडं बघा.

मे महिना, आपल्या धुळ्याचं ऊन, तिला सातवा महिना. आबा दारात काठी आडवी धरून बसलेले. ही अंगणात उभी, हात पुढं करून. पाणी मागितलं नाही म्हणे, सावलीत गेली नाही — काठीकडंच बघत राहिली. येडी! मी शेतातून पळत आलो तोवर पडलेली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. ऊन!

नको, पाठीवर हात नको. उठा. ती तुमची चप्पल. आबांना भेटायचंय? भिंत धरून येतील तेव्हा भेटा. — काठी? काठी कुठं गेली ते मला विचारता?

काल ताईच्या शवपेटीपाशी तुम्ही डोळे मिटून प्रार्थना करत होतात ना — आबांचे मिटलेले, बठ्ठ्यांचे, सगळ्यांचेच मिटलेले. काठी भिंतीला टेकलेली. मी आणली, ताईच्या शेजारी ठेवली, टोक तिच्या मुठीत दिलं, दुसरा हात पोटावर होता तो तसाच राहू दिला, आणि तुमचं आमेन यायच्या आत झाकण लावलं.