झेंडू घातलेला राजमा

न्हाई न्हाई, निकिताताई, राजमा सोडून काहीबी लिहा — पिठलं लिहा, शेंगदाण्याचा म्हाद्या लिहा, अंबाडीची भाजी लिहा — पण राजमा नको. हां, बाहेर पाटीवर 'सूर्यभानचा खास राजमा' हाय, मान्य, पण पाटी काय, उद्या चुना मारला की गेली. तुमचं पुस्तक छापलं की आमी कुठं चुना मारायचा? अन् पुस्तक मराठवाड्यातल्या खानावळींचं ना? मग सेलू टेशनाच्या समोर राजमा कुठून उगवला, हे कुणीतरी इचारंलच की. आमच्याकडं पिकती तूर, पिकतो हरबरा. राजमा म्हणजे... तुमी काय उठायच्या न्हाईत. बरं बसा. इकडं पंख्याखाली बसा, तिकडं चुलीची धग लागंल.

तर मी सात वर्षं टूरवाल्यांचा आचारी होतो. लोकांना वाटतंय, गडी परदेश फिरला, तिथलं काय काय शिकला असंल. कशाचं! चौदा देश बगितले मी — म्हणजे चौदा देशांच्या मोऱ्या बगितल्या. आपली लोकं दोन-दोन स्वेटर घालून बर्फाच्या डोंगरावर चढणार, अन् वर गेल्यावर पहिला सवाल काय? सूर्यभान, भज्यात ओवा टाकला का? त्या पॅरिसच्या लोखंडी मनोऱ्याखाली शिऱ्यात केळं कमी पडलं, तर एक बाई दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई. मनोरा बगितला न्हाई तिनं, शिरा बगितला. सात समुद्र ओलांडायचे अन् मुगाची खिचडी खाऊन परत यायचं — मग विमानाला तरी कामून तरास देता? घरीच खिडकीत बसून खा ना.

मग एक टूर निघाली जॉर्जियाला. एक्केचाळीस माणसं, अन् त्यात कोण? दिनकरराव सर, मानवतचे. माझे हेडमास्तर. ह्याच माणसानं मला नववीत दोनदा नापास केलं, अन् तिसऱ्यांदा वडलांना बोलावून सांगितलं, ह्याला कुठंतरी हॉटेलात लावा. वडलांनी लावलं. झालं माझं करिअर! आता सर रिटायर, पण खोड तीच — रोज जेवण झालं की दस्तीनं मिशा पुसायच्या अन् मला मार्क देयाचे. दहापैकी. "सूर्यभान, आज चार." "आज साडेतीन, वरण पातळ." समद्या लोकांसमोर! पन्नाशीला टेकलेला माणूस मी, डाव हातात धरून नववीतल्या पोरावानी उभा राहायलो.

तिसऱ्या दिवशी सोबतचं सामान संपलं. आमी एका डोंगरातल्या गावी गेलो, अन् तिथं कळलं की आमच्या मागून येणाऱ्या सामानाच्या पेट्या — पीठ, मसाले, डाळी, समदं — विमानानं भलत्याच देशात उतरवल्या. एक्केचाळीस माणसं, दुपारचा एक वाजलेला, अन् माझ्यापाशी काय? अर्धी बरणी लिंबाचं लोणचं. मी हॉटेलच्या मागं सैपाकघराच्या पायरीवर डोकं धरून बसलो. तिथं नानुली. तिथली सैपाकीण, साठीची, जाडजूड, तोंडात दोन सोन्याचे दात. तिला माझी भाषा येत न्हाई, मला तिची येत न्हाई. तिनं बगितलं, मी पोटाला हात लावला, मग बाहेरच्या लोकांकडं बोट केलं अन् रिकामे हात दाखवले. तिनं कपाळाला हात मारला, मला दंडाला धरून आत ओढलं.

अन् आत काय म्हणता! मातीच्या मडक्यात राजमा शिजायलेला — लोबियो म्हणतेत त्याला — अर्धा घोटलेला, अर्धा आख्खा. त्यात अक्रोड कुटून, कोथिंबीर, कसली तरी मेथी, आंबटाला बोरावानी फळाची चटणी. अन् शेवटी तिनं डबी उघडली, पिवळी पूड टाकली. मी वास घेतला — झेंडू! दसऱ्याला दाराला बांधतो ते फूल ती बाई भाजीत टाकायली! शेजारी मक्याच्या पिठाचा गोळा, हातावर थापायची, तव्यावर टाकायची. ताई, मी तर उभ्या उभ्या गार झालो. म्हणलं ही तर आपली भाकर. मीबी बाह्या सारल्या अन् बसलो थापायला. तिची जाड, माझी पातळ. ती माझ्या भाकरीला हसली, मी तिच्या. वरून तिनं लाल मिरची, लसूण, मीठ असं काही रगडलं की ठेचा बी लाजावा. दीड घंट्यात एक्केचाळीस ताटं तयार. तिनं केलं हो समदं, मी नुसत्या भाकरी थापल्या.

लोकं तुटून पडली. अन् जेवण झाल्यावर सर उठले. मिशा पुसल्या. "सूर्यभान," म्हणले, "दहा. दहापैकी दहा." टाळ्या! अन् मी तिथंच समद्यांना सांगितलं, की हे नानुलीबाईंनी केलंय, माझं काही न्हाई. झालं, एवढीच गोष्ट.

काय? मग पाटीवर माझं नाव कसं? — तुमी वकिली करायला पाहिजे होती, ताई. पुस्तकाच्या नादाला कशाला लागलात?

बरं. न्हाई सांगितलं. सरांनी इचारलं, "हे तू केलंस?" अन् माझ्या तोंडातून निघालं, "मीच केलं, सर." ह्या माणसानं आयुष्यात मला दहापैकी चारच्या वर दिले न्हाईत, ताई, अन् तो उभा राहून टाळ्या वाजवायलाय, डोळ्यांत पाणी — मला दुसरं नाव सुचंना. एवढं बी चाललं असतं. पण नानुली दारात उभी होती, हात पदराला — तिकडं पदर नसतो — ॲप्रनला पुसत. तिला आमची भाषा काय कळणार? तिला वाटलं मी तिचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या तशी तिनं छातीवर हात ठिवला अन् वाकली. समद्यांना. मग माझ्याकडं बगून परत एकदा वाकली, मेहेरबानी झाल्यावानी. निघताना त्या पिवळ्या पुडीची पुरचुंडी माझ्या खिशात कोंबली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी कधीच इसरून गेलो असतो.

घरी येऊन राजमा केला. सरजाबाई — माझी बायको, ती बगा आत — तिनं पहिला घास खाल्ला अन् इचारलं, "ही बाई कोण?" आता घ्या! साठ वर्षांची हाय हे पटवून देईस्तोवर तीन दिवस मला करपलेली भाकर. पण वळखलं तिनं, माझा हात न्हाई म्हणून. सरांनी कुठं वळखलं? टूर सोडून ही खानावळ टाकली तवापासून सर दर गुरुवारी एस्टीनं मानवतहून येतेत, सोबत कुणालातरी आणतेत, अन् सांगतेत — हा माझा विद्यार्थी, हा राजमा त्याच्या डोक्यातून निघालाय. माझ्या डोक्यातून काय निघतंय ते नववीतच कळलं होतं की त्यांना! पण मी बी मान डोलावतो. चार वर्षं झाली, डोलावतोय.

आता तुमचं पुस्तक सर वाचणारच, चष्मा लावून, चुका काढत. म्हणून म्हणलं राजमा नको... न्हाई, थांबा. लिहा. नानुली लिहा. आडनाव मला ठावं न्हाई, इचारलं न्हाई मी. गावाचं नाव बी धड घेता येत न्हाई. नुसतं नानुली लिहा, जॉर्जिया. अन् झेंडूचं लिहा, पण पाकळ्या सावलीत वाळवायच्या, उन्हात न्हाई, हे बी लिहा. सूर्यभाननं भाकरी थापल्या, एवढं टाकलं तर चालंल. न्हाई टाकलं तरी चालंल.

आज कोण वार? — बरुबर, गुरुवार, म्हणूनच सारखं दाराकडं बगायलोय. ती बगा एस्टी वळायली. तुमी आता उठा. राग मानू नका, पण छापून येण्याआधी त्यांना मीच सांगायला पाहिजे, अन् तुमी इथं वही उघडून बसलात तर माझी जीभ पुन्यांदा भलतंच बोलंल. मागच्या दारानं जा, सरजाबाई वाट दावंल. जा, ताई. अन् ते फोनवरचं रेकॉर्डिंग बंद करा आधी.