बसा जी, सोडून देतो!

...नाही, तुमीच सांगा मले, साठी उलटलेल्या माणसानं बायकोले सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं तं त्यात लोकायनं धावत येऊन वाचवण्यासारखं काय हाय? आग लागली का? बिबट मागं लागला का? पण नाही! भंडाऱ्याच्या बाहेर पडून जरा चार पायडल मारले का मागून कोणीतरी येतेच, कचकन बिरेक मारते, खिडकीतून मुंडकं काढते अन् म्हणते, "बसा जी, सोडून देतो!"

सोडून देतो! अरे पण मले कोठी सोडून घ्याचंच नाही नं बाप्पा, मले चालवाची हाय!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुमाले वाटन केशवरावचं डोस्कं फिरलं. पितळी भांड्याचं दुकान हाय आपलं बाजारात. आपल्या दुकानातली परात टिचकी मारून पाहा, घरी जाईपर्यंत कानात वाजते. शाळा माझी सातवीत सुटली, बाकी सारं गल्ल्यावर बसून शिकलो. गिऱ्हाईक पायरी चढते तवाच त्याच्या चपलेकडे पाहून सांगतो, हा घेणार का नुसता भाव विचारून जाणार. तं अशा माणसाले त्याच्या पोरीनं बायकोसकट उचलून नेलं ऑस्ट्रेलियात! पर्थ म्हणून शहर हाय, समुद्राच्या काठावर. आमची राखी अन् जावई प्रविण तिथं नोकरीले हायत. दिवसभर घरात बसून मी त्यायच्या स्टीलच्या भांड्यायले टिचक्या मारू मारू पाहाचो, आवाजच नाही, जशी मेलेली भांडी... तं राखी म्हणे, "बाबा, कंटाळले तुमी. चला, सायकलचा रस्ता दाखवते."

मी म्हणलो, सायकलचा वेगळा रस्ता? अवो, सायकलले कोण रस्ता देते? ट्रक गेला, एसटी गेली, ऑटो गेले, म्हैस गेली, मंग कडेले जे काही उरलं ते सायकलचं!

पण तुमाले सांगतो, हाय! खरंच हाय! एका हाताले समुद्र, दुसऱ्या हाताले रेतीचे ढीग अन् झुडुपं, मधून हा गुळगुळीत रस्ता, अन् त्याच्यावर एक गाडी नाही. रेतीचा टिप्पर नाही, हॉर्न नाही. मी सारखा मागं वळून पाहू पाहू राहिलो. सवय! मागून कोणीच उडवाले येत नाही म्हणल्यावर माणसाले भेव नाही वाटणार? तेवढ्यात एक म्हातारी आली मागून, टिंग करून घंटी वाजवली, मी बाजूले झालो, तं जाता जाता मलेच म्हणते, "थँक्यू!" अवो बाई, मी काय केलं? मी नुसता बाजूले झालो! आपल्याकडे बाजूले होऊनबी ऐकाले भेटते, "ओ काका, घरून सांगून निघाले का?"

तिथं दोन माणसायची सायकल भाड्यानं भेटते. लंबीच्या लंबी, पुढं एक सीट, मागं एक, पायडल दोघायलेबी. मागच्या सीटवर शकुनबाई, म्हणजे आमचं घर. पदर डोक्यावर, पदरावर हेल्मेट, साडी राखीनं पिना टोचून टोचून बांधलेली... अन् पायडल? बाईनं पाय वर धरले ते धरलेच! मी हाफून राहिलो, म्हणलो, "अवो, तूबी मार नं दोन पायडल!"

तं मागून काय म्हणते? "मी कॅरिअरवर बसाची बाई हाय. मले कायले कामाले लावता?"

बरं, असा दम लागला का मी आशेनं मागं पाह्यलं, कोणीतरी थांबन, कोणीतरी म्हणन, "बसा जी, सोडून देतो"... नाही! गाडीच नाही तं म्हणन कोण?

अन् मंग एक वळण आलं. दोन्हीकडची झुडुपं एकदम जवळ आली, हवा थांबल्यासारखी झाली, अन् मागून आवाज आला. हळूच.

"अहो... हे आपल्या पांदणीवानी हाय."

मी बिरेक मारला.

पांदण म्हणजे वावरायमधून जाणारी बैलबंडीची वाट, शहरातल्या लोकायले म्हणून सांगतो. तिच्या माहेरची पांदण पवनीच्या सडकेवरून खाली उतरे. दोन्हीकडून पळस अन् बोरी, इतकी अरुंद का समोरून बंडी आली तं एकानं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर चढून उभं राहावं. लग्न नवं होतं तवा याच वाटेनं मी तिले कॅरिअरवर न्याचो. चिंचेच्या वळणावर घंटी वाजवाचो, अन् ती घंटी ऐकून तिची माय तिकडे चुलीवर चहा ठेवाची. जावई दारात अन् चहा कपात, एकाच वक्ताले!

मंग गोसीखुर्दचं धरण झालं. पाणी चढलं, गाव उठलं, सडकेच्या अंगानं नव्या जागी गेलं. लोकायनं देव नेले, दाराच्या चौकटी नेल्या, गावाचं नावसुद्धा नेलं... पांदण तेवढी राहिली. तिले कोण उचलन?

एवढ्या वर्सात शकुनबाई त्याच्यावर एक सबुद बोलली नव्हती. दुसऱ्याच्या समुद्राजवळ जाऊन बोलली! म्हणे, "जितकी उरली असन तितकी, एक डाव न्या मले. पण सायकलवर. गाडीतून गेलं का ते आपलं वाटत नाही."

बस! बाईनं लग्नापासून दुकानातली एक वाटीबी स्वतःहून मागितली नाही, अन् मागून मागून काय मागितलं, तं रस्ता!

भंडाऱ्याले आल्याबरोबर सायकल घेतली, मजबूत कॅरिअरची. घंटी लावली आपल्या दुकानातल्या पितळेची, असली वाजते का देव उठन! निघालो. पवनीच्या सडकेले लागलो नाही तं मागून टेम्पो. आमच्याच दुकानाचा माल वाहणारा जागेश्वर.

"काय जी शेठजी, गाडी बिघडली?"

नाही रे.

"मंग पेट्रोल संपलं?"

नाही.

"मंग घरात भांडण?"

अबे, भांडण असतं तं बायको मागं बसली असती का!

"तेच म्हणतो! वहिनी अशा उन्हात! बसा जी, सोडून देतो!"

मी म्हणलो नाही. तं त्याचं तोंड असं उतरलं, जसा मी त्याच्या घरी जाऊन ताटावरून उठलो. आपल्याकडचा कायदा तुमाले माहीत हाय, वळखीचा माणूस सडकेवर ठेवून जो पुढं गेला, त्याले घरी गेल्यावर मायबी पाणी विचारत नाही. बसलो मंग! सायकल सिमेटच्या पोत्यायवर आडवी, अन् आमी दोघं जागेश्वरच्या बाजूले. कोठी सोडू, विचारते. म्हणलं, घरीच सोड आता!

दुसऱ्या डावाले मी डोकं चालवलं. सडक सोडली, नहराच्या पाळीवरून काढली सायकल. एका बाजूले कालव्याचं पाणी, दुसऱ्या बाजूले धान, ना ट्रक ना टिप्पर... मी म्हणलो, शकुन, हेच पर्थ समज! तेवढ्यात मागून धडधड धडधड. ट्रॅक्टर! त्याच्यावर कवडू, तिच्याच गावचा पोट्टा, नात्यानं भाचा.

"आत्याबाई! तुमी सायकलवर?"

म्हणलं, हौस हाय बाप्पा.

"हौस कायची जी मामाजी! माहेरची लेक सायकलवर अन् मी ट्रॅक्टरवर? गाव जोड्यानं मारन मले! बसा जी, सोडून देतो!"

ट्रॉलीत चढवलं, अन् सोडलं कोठी? नव्या गावात! मंग काय, पोहे झाले, चहा झाला, घरोघरी कुंकू लावणं झालं. शकुनबाई साऱ्यायसंग हासली, बोलली. परतताना ट्रॉलीत सायकल धरून बसली होती, म्हणे, "चांगलं हाय गाव. रस्ते अगदी सरळ हायत. वळणच नाही कोठी."

दुकानदार माणूस हाय मी, लोकायच्या पाहिजे त्या वस्तूले "मागवून देतो" म्हणणारा. हे कोठून मागवू?

म्हणून परवा झुंजुमुंजू असतानाच निघालो. जागेश्वर झोपलेला, कवडू झोपलेला, सडक मोकळी. पवनीच्या सडकेवरून खाली वळलो अन् लागली पांदण! पळस होते, बोरी होत्या, धुरा होता. मागून एक हात आला, माह्या सदऱ्याले धरलं. जसा पहिले धरे तसा. मी हळूहळू मारू राहिलो पायडल, का लवकर सरू नये... पण सरली. समोर पाणी. दूरवरी नुसतं पाणी, अन् पांदण सरळ त्यात उतरून गेली होती, जसं कोणी घरात जाते अन् दार लोटून घेते.

चिंचेचं वळण आत होतं. शकुनबाई उतरली, काठावर उभी राहिली. मी सायकल धरून उभा. समुद्र पाहून एवढं पाणी वाटलं नव्हतं मले.

तेवढ्यात पाण्यावरून एक डोंगा आला. मासे धरणारा परसराम, जाळं गोळा करून राहिला होता. त्यानं पाह्यलं, दोन म्हातारे, एक सायकल, समोर रस्ता नाही. कचकन वल्हं थांबवलं अन् काय म्हणला असन?

"बसा जी, सोडून देतो!"

मी "नाही" म्हणाले तोंड उघडलं, तं शकुनबाई डोंग्यात! मले म्हणते, "सायकलबी घ्या." परसरामानं ती आडवी टाकली जाळ्यावर, अन् चाललो आमी पांदणीवरून... म्हणजे पांदणीच्या वरून. ती बोटानं सांगू राहिली, इथं बंडी फसे, इथं बोरं पडत... अन् एका जागी म्हणे, "थांबवा. अहो, वाजवा नं घंटी. चिंच आली."

वाजवली. पितळेची घंटी, पाण्यावरून कोठल्या कोठी गेली. ती कान देऊन बसली, जशी पलीकडे कोणी चहा ठेवून राहिलं.

परसराम म्हणे, "कोणाले बाजूले कराले वाजवता जी? खाली तं मासे हायत."

आता बोला! बिनगाडीचा रस्ता पाहिजे होता नं केशवरावले? भेटला. ट्रक नाही, हॉर्न नाही, पर्थवाल्यायच्या बापानं पाह्यला नसन असा मोकळा! फक्त सायकल त्याच्यावर चालत नाही, झोपून जाते.

काठाले परत लागलो तं वर जागेश्वरचा टेम्पो उभा. दुकान बंद पाहून शोधत आला होता बिचारा. त्यानं नुसतं तोंड उघडलं, मी म्हणलो, "बोलू नको बाप्पा... बसलो."