सरांच्या चेहऱ्याचा साचा

गोगलगाय : सर, आता गप्प पडून राहा. प्लास्टर धरायला लागलं की ज्या शब्दावर थांबाल, त्या शब्दाचं तोंड होईल.

प्राचार्य : पण पुतळ्यात मी जरा विचारात पडलेला दिसलो पाहिजे. आणि मिशी नीट येऊ दे. नव्या दालनात आधीच्या सगळ्या प्राचार्यांच्या—

मुकादम : झालं, ओठ बुजले. सर, नाकातल्या दोन्ही नळ्यांतून श्वास येतोय ना? हो असेल तर एक बोट वर करा, नाही असेल तर दोन.

गोगलगाय : एक.

मुकादम : छान. हे पक्कं होईपर्यंत हलायचं नाही. हललात तर गालावर सुरकुती पडेल आणि ती तुमच्या मागेही राहील.

गोगलगाय : हात पोटावरच असू देत, सर. बोटं दिसली पाहिजेत.

मुकादम : सर, मी शेवटच्या वर्षाची. मातीकाम. मला सगळे मुकादम म्हणतात. हा गोगलगाय, माझ्याच वर्गातला. पहिल्या वर्षाला जिना चढायला लागला, तो तिसऱ्या वर्षी वर पोचला. ओळखता ना आम्हाला?

गोगलगाय : एक बोट. अगं, ओळखतात! नाही, दुसरंही आलं वर.

मुकादम : असू दे. सर, तुम्ही मोकळेच आहात तर चार गोष्टी विचारून घेते. एरवी तुमच्या केबिनबाहेरच्या बाकावर आम्ही पाळ्या लावून बसतो. एकाने तर वाट बघता बघता तुमच्या दाराचं चित्र काढलं. वार्षिक प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. तुमच्याच हस्ते.

गोगलगाय : शीर्षक होतं, ‘बंद’.

प्राचार्य : म्म्.

मुकादम : तर पहिली गोष्ट. स्वागतकक्षात कारंजं उडतं आणि मातीच्या खोलीतला नळ कोरडा आहे. माहीत आहे तुम्हाला?

गोगलगाय : एक बोट. प्रामाणिक आहेत हं.

मुकादम : आणि आम्ही कारंज्यातून बादल्या भरून माती भिजवतो, ते?

गोगलगाय : दोन.

मुकादम : त्याने काय होतं, पाण्याबरोबर मासे येतात. मागे एका मातीच्या घोड्याचं पोट पोकळ करताना आतून सोनेरी मासा निघाला.

गोगलगाय : जिवंत. जरा नाराज होता. मी नेऊन सोडला परत.

मुकादम : दुसरी गोष्ट. कॉलेजचं फाटक रंगवायला बाहेरून माणसं आणलीत. चित्रकलेची पोरं म्हणाली, आम्ही रंगवतो. तुमच्याकडून उत्तर आलं, हे रंगकाम जाणणाऱ्यांचं काम आहे. चित्रकलेच्या कॉलेजात, सर.

गोगलगाय : बोट नाही. अंगठा हलतोय नुसता.

मुकादम : विचारात पडले असतील. पडू दे, पुतळ्याला बरं. तिसरी गोष्ट, सफरचंद. पहिल्या वर्षाला समोर ठेवून काढायला दिलेलं ते प्लास्टरचं सफरचंद. माझ्या आईनेही याच कॉलेजात तेच सफरचंद काढलं होतं. तिच्या चित्रात जरा ताजं दिसतं.

गोगलगाय : माझ्या काकाने अर्धं खाल्लेलं काढलं, तर त्याला नापास केला. म्हणाले, जे समोर आहे तेच काढायचं.

मुकादम : आणि आता मुद्द्याचं. विणकामाची खोली गेली, तिथे बैठकीचं टेबल आलं. छपाईची खोली गेली, तिथे पाहुण्यांचे सोफे आले. धातुकामाची गेली, तिथे पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहतात. उद्या सकाळी ट्रक येणार आणि आमची भट्टी उचलून नेणार, कारण त्या खोलीत प्राचार्यांच्या पुतळ्यांचं दालन व्हायचंय. बरोबर?

गोगलगाय : एक बोट. ताठ.

मुकादम : सर, माझं वर्षभराचं काम कच्चं पडलंय. चपला आणि बूट, सगळे जोड मातीचे. भाजले नाहीत तर फळीवरच भुगा होईल त्यांचा. पुढच्या महिन्यात परीक्षक येणार. त्यांना काय दाखवू, ताटात चिखल? बाबांनी सांगून ठेवलंय, या वर्षी पास झालीस तर तुझी कला, नाहीतर आपलं खिळ्यामोळ्यांचं दुकान. उद्या ट्रक आला की मी दुकानात बसले म्हणून समजा. भट्टी परीक्षेपर्यंत ठेवता येईल?

गोगलगाय : दोन.

मुकादम : नीट बघ.

गोगलगाय : दोनच आहेत गं. हात बदलून पुन्हा दोन केली.

मुकादम : ठीक आहे. गोगलगाय, वाजवून बघ प्लास्टर.

गोगलगाय : टणक झालंय. सर, आता आतल्या आत चेहरा हलवा. भुवया उडवा, गाल फुगवा. कपाळ सुटलं... हनुवटी सुटली. मुकादम, मधेच काहीतरी धरतंय.

प्राचार्य : म्म्म्!

मुकादम : मिशीला व्हॅसलीन लावलं होतंस ना?

गोगलगाय : डबीत होतं ते भुवयांवर संपलं. नवीन डबीची मागणी पाठवली होती, ती सरांच्या सहीला पडलीय. पण मिशीवर चकाकी होती ना, मला वाटलं, सरांनी घरूनच तेल लावलंय.

मुकादम : मग?

गोगलगाय : तो कलप होता. ओला.

मुकादम : सर, घाबरू नका. श्वास चालू आहे, बाकीचा चेहरा सुटलाय. आता दोनच वाटा. साचा फोडायचा, म्हणजे मिशी वाचेल, पुतळा जाईल. नाहीतर खालून कात्री घालून मिशी कापायची, म्हणजे साचा वाचेल. मिशी कापायची तर एक बोट, साचा फोडायचा तर दोन.

गोगलगाय : मूठ वळली.

मुकादम : मुठीचं आपलं काही ठरलं नव्हतं, सर.

गोगलगाय : ए मुकादम, इकडे ये जरा. आत्ताच विचार ना भट्टीचं. ‘हो’ म्हणाले की मगच कात्री.

मुकादम : छे. अडलेल्या माणसाचा शब्द घ्यायचा नाही. मोकळा झाला की तो म्हणतो, मी बोललोच नव्हतो. आणि यांच्या बाबतीत ते खरंच असेल.

गोगलगाय : एक बोट! मिशी कापा म्हणतायत.

मुकादम : कात्री दे. लवकर. तुझ्या वेगाने नको, माणसाच्या वेगाने दे.

(साचा निघतो. प्राचार्य उठून बसतात आणि ओठाच्या वर हात लावून बघतात.)

प्राचार्य : पाणी.

गोगलगाय : कारंज्यातून आणू?

प्राचार्य : प्यायचं आण! आणि तू, मुकादम. तोंड बांधून माणसाची उलटतपासणी घेतेस?

मुकादम : तोंड उघडं असताना भेटत नाही तुम्ही, सर.

प्राचार्य : तुला वाटतं, मला कारंज्याची हौस आहे? अगं, दर्जा ठरवणारी समिती येते ती स्वागतकक्षात बसते, सोफ्यावर टेकते, जेवते आणि जाते. भट्टी कुठे आहे असं आजवर एकानेही विचारलं नाही. दर्जा गेला की कॉलेजला टाळं. मग घेऊन बसा तुमची माती. मी छप्पर सांभाळतोय, कळलं?

मुकादम : कळलं, सर. पण छपराखाली आता पाहुणेच उरलेत.

प्राचार्य : फार बोलतेस.

मुकादम : हो, सर.

प्राचार्य : साचा दाखव. हं... नाक माझंच आहे. आणि हे काळं?

गोगलगाय : मिशी, सर. आतच राहिली. प्लास्टरने फार छान धरलीय.

प्राचार्य : पुढे काय करणार याचं?

मुकादम : यात माती दाबायची, चेहरा उचलायचा. डोकं आणि खांदे मी हाताने करीन. मिशीसुद्धा, हवी तेवढी. मग सुकवायचं आणि भाजायचं.

प्राचार्य : भाजायचं कशात?

मुकादम : भट्टीत. निमंत्रणात तुम्हीच घातलंय ना, ‘आपल्याच विद्यार्थ्यांनी, आपल्याच भट्टीत भाजलेला पुतळा’? निमंत्रणं गेलीत.

प्राचार्य : ट्रक उद्या येतोय.

मुकादम : हो, सर.

प्राचार्य : बाहेर कुठे भाजून मिळेल की.

मुकादम : मिळेल. कच्चं डोकं गाडीत घालून न्यावं लागेल. पहिल्याच खड्ड्याला कान जातील.

गोगलगाय : दुसऱ्याला नाक.

प्राचार्य : तू पाणी आणायला गेला नाहीस अजून?

गोगलगाय : निघालोय, सर.

प्राचार्य : बरं. सुकायला किती दिवस?

मुकादम : तीन आठवडे धरा.

प्राचार्य : मग ट्रकवाल्याला सांगतो, महिनाभराने ये. पुतळ्यापुरती राहू दे भट्टी. फक्त पुतळ्यापुरती, ऐकलंस?

मुकादम : एका पुतळ्यासाठी भट्टी पेटवता येत नाही, सर. रिकाम्या भट्टीत आच एका अंगाला जाते. एक गाल भाजेल, दुसरा कच्चा राहील. भट्टी भरलेली लागते.

प्राचार्य : भरा मग काहीतरी. विटा भरा.

मुकादम : विटा आणायच्या तर मागणी पाठवावी लागेल. सहीला पडेल. चपला तयार आहेत.

प्राचार्य : माझ्या डोक्याभोवती चपला रचणार तू?

मुकादम : भोवती, खाली, आणि थोड्या वर. फळ्या असतात मधे.

प्राचार्य : आणि हे मी मान्य करायचं.

मुकादम : भट्टीचं दार बंद असतं, सर. आत कोण कोणाशेजारी आहे ते दिसत नाही. बाहेर येतात तेव्हा सगळेच लाल असतात.

प्राचार्य : ...ट्रकवाल्याला फोन करतो. तो रुमाल दे. हसतेयस का तू?

मुकादम : नाही, सर. प्लास्टर आहे गालावर.

प्राचार्य : पण इतक्या चपला कशाला केल्यास? एखादा घोडा करायचास, चांगली मूर्ती करायचीस. कुणाच्या आहेत त्या?

मुकादम : विणकाम, छपाई, धातुकाम बंद झालं तेव्हा जे निघून गेले, त्यांच्या. घरोघरी जाऊन एकेकाची चप्पल समोर ठेवून केली. जे समोर आहे तेच.

प्राचार्य : ...किती आहेत?

मुकादम : भट्टी भरेल, सर.