पदरापुरता हात

माझं माहेर पारोळ्याजवळचं, सासर हे एरंडोलकडचं, अन् दोन्हीकडे लोक मला मांडेवाली सुमनबाई म्हणूनच ओळखतात, म्हणजे ओळखायचे. मांडे तुला माहीत आहेत पोरी, पण तुझ्या कॉलेजात बाहेरची पोरं असतील, त्यांच्यासाठी लिही, की पुरण भरलेला कणकेचा गोळा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर फिरवत पार कोपरापर्यंत येऊ द्यायचा, अन् पातळ झाला की पालथ्या खापरावर टाकायचा, खाली चूल पेटलेली. बठ्ठं, म्हणजे सगळं काम हातावर. लग्न असलं की मी अन् माझी चुलत जाऊ कमलअक्का, आम्ही दोघी जायचो, अन् माझा मांडा खापर झाकून खाली लोंबायचा, काय सांगू तुला.

मग छातीत गाठ निघाली. लाजू नको, विचार, आता मलाच त्याची लाज राहिली नाही. धुळ्याला नेलं, उजवी बाजू काढली, काखेतल्या गाठीबी काढल्या, मग किमो, मग किरणांचा शेक. केस गेले, त्याला मी रडले नाही. पण टाके सुकल्यावर हात वर करायला गेले तर तो खांद्याच्या खालीच थांबला, जसा काही दुसऱ्याचा हात, तेव्हा रडले.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक ताई होती, तरुण, नाशिककडची. म्हणे, मावशी, या हातानं काय करावंसं वाटतं? मी म्हटलं मांडे. तिला समजेना, मी डाव्या हातानं दाखवलं, तर म्हणे, ते फार लांबचं झालं, जवळचं काही धरू, स्वतःची वेणी घालायची. मी म्हटलं, बाई, डोक्यावर एक केस नाही, वेणी कशाची घालू? बिचारी ओशाळली. मग म्हणे, बरं, पदर? डोक्यावर पदर स्वतःच्या हातानं ओढून घ्यायचा. मला राग आला. पदर घेणं हे काय काम शे का?

घरी आल्यावर कळलं, तेवढंबी होत नाही. भिंतीला तोंड करून उभं राहायचं अन् बोटं वर वर चालवायची, पाल चढते तशी. जिथं थांबतील तिथं मी काजळीचा ठिपका लावायची. आमचे हे म्हणायचे, बठ्ठी भिंत काळी करी टाकी. मी म्हणायची, दिवाळीले चुना लाई द्या. हिवाळ्यात एका सकाळी पदर डोक्यावर आला, माझ्याच हातानं. कोणाला सांगावं, लोक हसतील. यांना सांगितलं, तर उठून बाहेर गेले अन् येताना जिलबी घेऊन आले.

मग आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेक माहेरी आली. म्हणे, आई तू बस, मांडे वहिनी करेल. पण पितरांचा नैवेद्य, अन् माझ्या घरात मांडा दुसऱ्याच्या हातचा? या हाताला चुलीची धग नको, ओझं नको, असं ताईनं बजावलेलं, तरी बसले. गोळा आधी बरा फिरला, मग खांद्यात अशी कळ आली की मांडा राखेत. लेकीनं राख झटकली, सुनेनं पुढचा गोळा हातात घेतला, तेच जास्त लागलं. संध्याकाळपर्यंत हात सुजून बांगडी रुतली, वाढवावी लागली.

नंतर मी भिंतीकडे गेलेच नाही. बठ्ठा पावसाळा गेला. म्हटलं, मांडा होत नाही तर पदर घेऊन काय करू? हात परत खाली आला. हे कोणी सांगत नाही पोरी, मिळवलेलं बसल्या जागी निघूनबी जातं.

एक दिवस यांचे थोरले भाऊ, माझे जेठ, अचानक दारात आले. डाव्या हातात नात झोपलेली, पदर खांद्यावर पडलेला, डोक्यावर केस अजून बोटभरच वाढलेले. उजवा हात उचलला, गेला नाही. सून आतून धावत आली अन् तिनं माझ्या डोक्यावर पदर ओढला, नव्या नवरीला ओढतात तसा. जेठांनी मान फिरवली. सुनेनं चांगलंच केलं, पण मला वाटलं, मांडे गेले तर गेले, मी एवढीबी राहिले नाही का? दुसऱ्या दिवशी परत भिंतीसमोर उभी राहिले, अगदी खालच्या ठिपक्यापासून.

आता पदर येतो. रोज नाही येत, थंडीत हात आखडतो, सूज तर जन्माचीच. तू विचारलंस, एवढा उत्साह कुठून आणता. उत्साह काही नाही माय, दात घासतो तसं भिंतीपाशी जायचं, रडत जायचं, पण जायचं.

मांडे मात्र होणार नाहीत. परवा कमलअक्का आली, एका लग्नाचं काम घेतलेलं, म्हणे, चाल ना सुमन, तू नुसती बैस, पोरींना सांगत राहा. मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या हातावर मांडा फिरताना बघायचा धीर अजून होत नाही. माझं खापर तिला देऊन टाकलं. म्हणे, परत लागलं तर सांग. मी म्हटलं, लागाव नही.

निघालीस? चहा तरी पिऊन जा, सून टाकते. अन् पाया पडतेस तर थोडी आणखी वाक, आज हात एवढाच जातो. हां, आता पोचला. सुखी राहा माय.