चुकलंमाकलं म्हणजे चूक न्हवं

पुरवणी जबाब

नाव : श्रीमती त्रिशला अण्णाप्पा बिरनाळे
वय : ५४ वर्षे
धंदा : मेसमध्ये स्वयंपाक (सध्या बंद)
राहणार : राजारामपुरी, कोल्हापूर. मूळ गाव जयसिंगपूर

मी आज रोजी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून पुरवणी जबाब लिहून देते की, मी वरील पत्त्यावर राहण्यास असून,

इथं मी जबाब लिहून घेणारे हवालदार जोतीराम यांना थांबवलं. म्हटलं, दादा, "देते" खोडा आणि "देतो" लिहा. आमच्याकडं बायका "मी आलो, मी गेलो" असंच म्हणत्यात. तुम्ही "मी गेले" लिहिलं तर वाचणारा म्हणंल, बाई गेली. मागल्या टायमाला माझं बोलणं दुसऱ्यानं शुद्ध करून लिहिलं, तेच निस्तरायला मी आज आलोय. तवा मी बोलतो तसं लिहा, न्हाईतर मी उठतो. हवालदार म्हणाले, "मावशी, साहेब मला ओरडतील की." मी म्हटलं, ओरडू देत, तुम्हाला ते काय नवीन हाय व्हय? त्यामुळं इथनं पुढचं माझ्या तोंडचं हाय.

विजयसिंह म्हणून एकजण राजारामपुरीत क्लासच्या पोरांसाठी मेस चालवत्यात. सदर मेसमध्ये मी चपात्या, भाजी, आमटी करत होतो. (हे "सदर" माझं न्हवं, हवालदारांनी घातलंय. राहू दे म्हटलं, त्यांच्या पोटापाण्याचा शब्द हाय.) तिथं मोठ्या शेगडीची गॅसची नळी चिरली होती. मी विजयसिंहांना सांगितलं. एकदा न्हवं, येता-जाता सांगितलं. ते म्हणायचे, "मावशी, बदलू की." आता आपल्याकडं "बदलू" म्हटलं तर माणूस बदलतो. "बदलू की" म्हटलं की समजायचं, ह्या जन्मात न्हाय. शेवटाला त्यांनी स्वतःच्या हातानं नळीला लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि मला म्हणाले, "बघा, दागिना घातला." मी हसलो पण. माणूस बोलायला गोड हाय, त्यात वाद न्हाय.

भाद्रपद चालू होता. आम्ही जैन, आमचं दशलक्षण पर्व होतं, मी दिवसातनं एकदाच जेवत होतो. पोरांसाठी बटाट्याचा रस्सा टाकायचा होता. मी बटाटा खात न्हाय, पण करतो, आणि झकास करतो. शेगडी पेटवली आणि जाळ पट्टीतनं निघाला. त्याच्या पुढचं मला सांगता येतंय, पण मी सांगत न्हाय. डॉक्टरांच्या कागदात हाय. गळा, दोन्ही हात, एक कान. तेवढं लिहा आणि पुढं चला.

दवाखान्यात सगळ्यांची तोंडं बघून मी ओळखलं की आपला कारभार आटोपला. आमच्यात पर्व संपलं की एकमेकांना "उत्तम क्षमा" म्हणायची रीत हाय. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असंल तर माफी मागायची, आणि समोरच्याला आपण बी माफ करून टाकायचं. मला वाटलं, तो दिवस काय आपल्याला दिसत न्हाय, तवा आधीच उरकून घ्यावं. म्हणून मी पडल्या पडल्या सुरुवात केली. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीला क्षमा केली, तिचं सांडपाणी माझ्या वाळवणावर पडतंय. दुधात पाणी घालणाऱ्याला क्षमा केली. माझी मोठी जाऊ सीताबाई उशाला उभी होती. वाटणीत सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ तिनं उचललं, तवापासनं आमचं बोलणं बंद. तिला बी क्षमा केली, आणि भर लग्नात मी तिला "घंगाळचोर" म्हटलं होतं त्याची माफी मागितली. ती हमसून हमसून रडली. घंगाळ परत देतो असं मात्र म्हणाली न्हाय.

एवढ्यात हवालदार ज्ञानू जबाब घ्यायला आले. माझे डोळे सुजून बंद झाले होते, पोलीस कोण आणि कंपाउंडर कोण मला काय कळतंय? त्यांनी विचारलं, आग कशी लागली, कुणाबद्दल तक्रार हाय का. मी माझ्याच तारेत होतो. मी म्हटलं, "माझं काय चुकलंमाकलं असंल तर क्षमा करा. माझ्या मनात कुणाबद्दल काय न्हाय. विजयसिंहांना बी माझी उत्तम क्षमा सांगा."

त्यांनी लिहिलं ते असं : "सदरची आग माझ्या चुकीने लागली असून माझी विजयसिंह अगर इतर कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही."

"चुकलंमाकलं"मधलं "चुकलं" तेवढं त्यांनी घेतलं, आणि "माकलं" कुठं ठेवलं ते त्यांनाच ठाऊक. अहो, पाव्हणा जेवून निघाला तरी आपण म्हणतो, चुकलंमाकलं माफ करा. म्हणून काय आमटीत विष घातल्याचं कबूल केलं व्हय? ज्ञानू हवालदारांना मी दोष देत न्हाय. जाऊ सांगती, त्यांच्या डोळ्याला पाणी आलं होतं, त्यांनी माझ्यापुढं हात बी जोडले. डोळ्यात पाणी असलं की माणूस लवकर लिहून मोकळा होतो.

आणि मंग मी मेलोच न्हाय.

सगळा घोटाळा इथं झाला. मरणार म्हणून गावाला माफ करून बसलो आणि वाचलो. आता धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. वरचं सांडपाणी पडतंय आणि मला तोंड उघडता येत न्हाय. जाऊ रोज दुपारी येती, मला चार घास भरवती, आणि जाताना विचारती, "घंगाळाचं तू सोडलंस न्हवं?" दिलेली क्षमा परत घ्यायची काय सोय हाय का, म्हणून मी आमच्या मुनी महाराजांना विचारून बघितलं. ते नुसते हसले.

माझ्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांना चिकटून बसली हायत, आणि हनुवटी गळ्याला ओढलीय. मान वर होत न्हाय. फळीवरचा डबा दिसत न्हाय, समोरच्याच्या पोटाशी बोलल्यागत बोलावं लागतंय. डॉक्टर म्हणत्यात, ऑपरेशन केलं तर बोटं सुटतील, परत चपात्या लाटता येतील. त्याला पैसा लागतो. तो माझ्याकडं न्हाय, म्हणून भरपाई मागायची.

भाडेकरीणच म्हणाली, जिल्हा कोर्टात विधी सेवाचं ऑफिस हाय, बाईमाणसाला वकील फुकट देत्यात. मला वाटलं, फुकटचा वकील म्हणजे कालचा रस्सा असणार. तर तिथं अ‍ॅडव्होकेट संयोगिता म्हणून पोरगी भेटली. असं फडाफडा बोलती की समोरचा जज्ज आपणच गुन्हा केल्यागत बघतो. तिनं मला समजावलं, कामावर असताना भाजलं तर भरपाई हा कामगाराचा हक्क हाय, मालकाची मेहरबानी न्हवं. तिनं कामगार कोर्टात दावा घातला. मंग विजयसिंहांच्या वकिलांनी माझा दवाखान्यातला जबाब काढला आणि मोठ्यानं वाचला. म्हणाले, पट्टी बाईनंच गुंडाळली, चूक बाईनंच कबूल केली, तक्रार न्हाय असं बी बाईच म्हणती. मी उठून ओरडणार होतो, पण संयोगितानं माझा पदर ओढला.

त्यानंतर विजयसिंह माझ्या घरी आले. फळांची करंडी घेऊन आले. म्हणाले, "मावशी, तुम्ही मला सगळ्यांदेखत क्षमा केलीसा. तुमच्या धर्मात क्षमा केवढी मोठी गोष्ट! मंग कोर्टकचेरी कशाला?" मी करंडीतली केळी बघत बसलो. ह्या बोटांनी ती सोलायची कशी, हे त्यांच्या बी ध्यानात आलं न्हाय.

मंग मी म्हटलं, "विजयसिंह, क्षमा केली ती केली, ती मी परत मागत न्हाय. तुमच्यावर माझा राग न्हाय. राग धरून हात बरा होत असता तर मी मरस्तोवर धरला असता. पण क्षमा माझी होती, ती मी आपणहून दिली. बोटं बी माझीच होती. ती मी कुणाला दिली न्हवती." ते म्हणाले, "बघू की." आणि गेले.

मी क्षमा मागत होतो, गुन्हा कबूल करत न्हवतो, हे खाटेजवळ उभी असलेल्या सीताबाईनं कानानं ऐकलंय. ती साक्ष द्यायला तयार हाय. तिची एकच अट हाय, घंगाळ तिचंच, असं ह्या जबाबात लिहायचं. हवालदार म्हणाले, घंगाळाचा ह्या कामी संबंध येत नाही. मी म्हटलं, तुम्ही लिहा, संबंध मी बघतो. तर घंगाळ सीताबाईचं. लिहून झालं. बाई लई पक्की हाय.

माझं म्हणणं एवढंच की आग माझ्या चुकीनं लागली न्हाय. नळी चिरलेली होती, मी सांगितलं होतं, आणि पट्टी विजयसिंहांनी गुंडाळली. मला माझा हात परत पायजे. हसतखेळत सांगतोय म्हणून कुणी असं समजू नये की मला रडायला येत न्हाय. येतंय. पण डोळे पुसायला बी बोटंच लागत्यात.

हा जबाब हवालदारांनी मला पहिल्यापासनं वाचून दाखवला. बाकावर बसलेली माणसं मधी मधी हसली, त्याला माझी हरकत न्हाय. आणखी दोन-तीन "सदर" निघाले, ते मी काढायला लावले. बाकी सगळं माझ्या सांगण्याबरहुकूम हाय, त्यात कुणी काय शुद्ध केलेलं न्हाय.

हवालदारांनी अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढं केला. मागल्या टायमाला दोन्ही हात पट्ट्यात होते, तवा त्या कागदाखाली माझ्या पायाचा अंगठा उठवलाय. मी म्हटलं, मी मॅट्रिक हाय, अंगठाबहाद्दर न्हवं. पेन द्या. दोन्ही तळव्यांच्या मधी पेन धरून सही करतोय. लई वेळ लागला. ठाण्यात कुणी घाई केली न्हाय. "त्रिशला" एवढंच झालंय. "बिरनाळे" मी बोटं सुटल्यावर येऊन लिहीन, तेवढी जागा मोकळी सोडा.

(सही) त्रिशला

समक्ष : जागा सोडली आहे.
जोतीराम, पोलीस हवालदार