पूर्वेच्या धुऱ्यावरची भाजी

हे मी माह्या बायकोलेही सांगतलं नाही, पहिल्यांदा तुमाले सांगून राहिलो. सात पावसाळे झाले. कौतिकामावशीच्या हातची भाजी खाऊन तीन घरचे लोकं आजारी पडले होते, तं त्या भाजीत धोतऱ्याची पानं नव्हती. माहं तननाशक होतं. त्याच सकाळी मी पूर्वेच्या धुऱ्यावर फवारलं होतं अन् कोनाले सांगतलं नव्हतं. लिहा, असंच लिहा, गोड करू नका.

आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपानपट्ट्यात. विहिरीचं पानी तोंडात धरवत नाही, म्हनून जे पिकते ते पावसावर. तीन एकर वावर, बाप लवकर गेला, मायनं वाढवलं, अन् मायनं वाढवलं म्हंजे काय सांगू तुमाले, धुऱ्यानं वाढवलं. दोन वावरायच्या मधातला बांध, त्याले आमी धुरा म्हनतो. पाऊस लागला की त्याच्यावर तरोटा येते, कुंजर येते, चिवय येते, सगळ्या रानभाज्या, कोनी पेरत नाही. निंदनाहून घरी जाता जाता बाया ओच्यात खुडून नेतात. वावर ज्याचं त्याचं, पन धुऱ्यावरची भाजी खुडनाऱ्या हाताची, असा आमच्या इकडचा रिवाज, त्याच्यासाठी मालकाले कोनी विचारत नाही. अन् फवारा मारला की काडीले चिंधी बांधून धुऱ्याच्या तोंडाशी रोवाची, हाही रिवाजच. चिंधी दिसली की बाया तिकडे पाय ठेवत नाहीत.

मी चिंधी रोवली नाही. काहून नाही रोवली, तं आयतवार होता, निंदाले कोनी येनार नव्हतं, अन् मले बडनेऱ्याले सोयऱ्याकडे जायाची घाई होती. पंप धुतला, ठेवला, निंगालो. एवढंच. याच्याहून मोठं कारन मी लय दिवस शोधलं, नाही सापडलं.

मावशी गेली त्या दिवशी धुऱ्यावर. मावशी म्हंजे रक्ताची नाही, मायच्या जोडीनं निंदाले जानारी, पन पान वळखावं तं तिनंच. गावात नवी सून आली की सासू म्हने, जा, कौतिकाच्या मांगं चार दिवस फिर. खुडली भाजी एकटी कधी खाल्ली नाही तिनं, शेजारच्या दोन घरी वाटी जायाचीच. अन् तननाशकानं पान काही त्याच दिवशी पिवयं पडत नाही, हिरवंगार दिसते, चार दिवस लागतात. तिले काय दिसनार होतं?

दुसऱ्या दिवशी मी परत आलो तं पारावर गर्दी. मावशीची सून, शेजारचा म्हातारा, अजून दोघं सरकारी दवाखान्यात, वांत्या थांबेनात. वाचले सगळे, म्हातारा मातर महिनाभर अंथरुनाले होता. कोनी म्हने धोतरा आला असन भाजीत, कोनी म्हने बुढीची नजर गेली आता. मावशी तिथंच खाली बसली होती, डोक्यावरचा पदर धरून. पोलीस पाटलानं मले विचारलं, मधुकर, तुह्या धुऱ्यावर फवारा तं नव्हता ना?

मी म्हटलं, नाही.

चौथ्या दिवशी धुरा पिवया पडाले लागला. भर दुपारी, रस्त्यानं कोनी नाही असं पाहून, सगळा इळ्यानं कापला अन् उकिरड्यात दाबला. त्या वर्षापासून कोनी मावशीच्या हातची भाजी घेतली नाही. तिची सूनही नाही. मावशीनं खुडनंच सोडलं.

पंप मी भंगारवाल्याले देऊन टाकला. बायको म्हने येड लागलं का, भाऊ म्हने तन खाऊन टाकीन तुले. खाल्लंही, पहिले दोन वर्षं कपाशीची पऱ्हाटी दिसे ना, तनच दिसे. मंग पऱ्हाटी कमी केली, जवारी, तूर, मूग, बरबटी, अंबाडी, सगळं तासातासानं, ओळीआड ओळ, मिसळून पेरलं. बी घरचं, राखेत ठेवलेलं. आता गावातल्या सात बाया अन् मी मिळून हे वावर चालवतो. पहिला वाटा गावाचा, अंगनवाडीच्या खिचडीत आमचीच दाळ असते, उरलं ते शनिवारी अकोल्याले नेतो. अन् चारही धुरे उघडे, कोनीही यावं, खुडावं. कृषी केंद्रवाला हासते, म्हनते काय मधुकरराव, यंदाही तनच पिकवून राहिले काय? मी म्हनतो हाव, तुह्या बायकोनं कालच दोन जुड्या नेल्या, बरं लागलं का विचार.

यंदा पुन्याचे एक साहेब आले. सगळा माल घेतो म्हने, पाकिटावर तुमचा फोटो छापतो, फक्त धुऱ्यायले तार मारा, बाहेरच्या बाया आत नको, आमच्या कागदात बसत नाही. मी म्हटलं साहेब, बाहेरच्या कोन? त्यायच्या माया, त्यायच्या सासवा याच धुऱ्यावर खुडत होत्या. बाहेरचे तुमी. चहा घ्या अन् या. बायको दोन दिवस बोलली नाही माह्याशी. नाही बोलली तं नाही. तार लागनार नाही, मी जिता असेपर्यंत तं नाहीच.

हे वावराचं सगळं छातीवर हात ठेवून सांगतो मी लोकायले. अन् मंग मांगच्या महिन्यात मावशी रस्त्यात भेटली. काठी टेकत चालली होती. मी म्हटलं मावशी, ये ना धुऱ्यावर, नव्या पोरीयले काही कळत नाही, दाखव त्यायले. ती थांबली, माह्याकडे पाहून म्हने:

नको बापू. तेव्हापासून मले माह्याच डोयाचा भरोसा नाही.

इतके वर्षं मले वाटे, लोकायनं आळ तिच्यावर घातला, तिले तं माहीत असन आपन चुकलो नाही. तिले नव्हतं माहीत. तिनं ते खरं मानलं होतं.

आता हे छापून आलं की अकोल्याचे लोकं म्हनतीन, बिनफवाऱ्याची भाजी विकते अन् मानूस असा. म्हनोत. ज्याले घ्याची तो घेईन. वावर मी बदलनार नाही अन् नावही झाकू नका माहं. तीन एकरात उभा राहाले मले कोनाचं भेव नाही, भेव मावशीच्या त्या एका ओट्याचं आहे, दोनदा तिच्या दारातून परत आलो.

पारावर, पाटलासमोर, तिच्या सुनेसमोर, मावशीले बसवून सांगाचं आहे की तुही नजर चुकली नव्हती, फवारा माहा होता अन् खोटं मी बोललो. ते मी तिचं देनं लागतो. अजून देलं नाही.