चेरीच्या फ्रॉकशेजारचं नाव

...आणि वर तो पोरगा मलाच विचारतो, "आजोबा, पण तुम्ही नक्की कोण?" म्हणजे बघा! ज्या फ्लॉसी फिंचची चित्रं काढून काढून मी डोळे फोडून घेतले, तिच्याच जत्रेत, न्यूयॉर्कातल्या त्या भल्यामोठ्या हॉटेलात, जुन्या कॉमिकांच्या वेड्यांच्या गर्दीत मला विचारतो, तुम्ही कोण! अरे, ती पोरगी माझी आहे! तिचं वर वळलेलं नाक माझं, नाकावरचे ठिपके माझे, तिच्यामागे गोंडा घोळणारी ती दोन बावळट पोरं माझी, मिल्कशेकचं दुकानसुद्धा माझंच! पण पहिल्या पानावर झोकात सही कुणाची? मिस्टर ऑग्डेनची. मासिकाचा मालक ना! त्याला सरळ रेघ मारता येत नव्हती हो, पट्टी दिली तरी! तुम्हाला सांगतो, हात माझा, नाव त्याचं.

पद्धतच होती तशी. एका खोलीत आम्ही सगळे कोंबलेले, मी पेन्सिलीनं काढायचं, शेजारच्यानं शाई फिरवायची, त्याच्या शेजारच्यानं फुग्यांत बोलणं लिहायचं, आणि आमची बोटं काळी झाली की ऑग्डेननं स्वच्छ हातानं सही ठोकायची. मी एकदा भीत भीत म्हणालो, "साहेब, कोपऱ्यात बारीकसं माझं नाव...?" तर सिगार चघळत म्हणतो कसा, "सिड, बाळा, पोरांना वाटतं फ्लॉसी खरी आहे. तिला कुणी काढतं हे कळलं तर बिचाऱ्यांचं मन मोडेल रे." मी मनात म्हटलं, आणि तुझी सही बघून नाही मोडत?

तिकडे ब्रुकलिनला आमची आई. अख्ख्या गल्लीला सांगायची, "माझा सिडनी पुस्तकातली चित्रं काढतो." आणि समोरची मिसेस पर्लमटर, देवानं तिला जीभ दिली ती तिखट लावूनच, मासिक उलटंपालटं करून म्हणायची, "कुठाय गं नाव? मला विचारशील तर तो तिथं झाडू मारतो." आई घरी यायची ती नुसती माशाचे गोळे वळत बसायची, वळून वळून पार दगड करायची, आणि ते दगड आम्ही मुकाट खायचे. मला बघवायचं नाही हो तिचं तोंड. एकदा, फक्त एकदा, माझं छापील नाव तिच्या हातात ठेवायचं होतं.

आणि नावं छापतच नव्हते असं समजू नका! छापायचे की! वाचक पोरींनी फ्लॉसीसाठी फ्रॉक काढून पाठवायचे, निवडलेला फ्रॉक मी फ्लॉसीला घालायचा, आणि शेजारी ठळक अक्षरांत त्या पोरीचं नाव, वय, गाव! नेब्रास्कातली कुठली शेंबडी पोर पोत्याला बटणं लावून पाठवते, तिचं नाव देशभर! आणि त्या पोत्याला घेर देणारा, चुण्या घालणारा, त्याचा फ्रॉक करणारा कोण? हात माझा, नाव तिचं! म्हणजे ऑग्डेन झाला, आता ह्यासुद्धा माझ्या पुढे!

मग काय केलं मी? मीपण फ्रॉक पाठवला! हसू नका. डाव्या हातानं काढला, पोरानं काढल्यासारखा दिसावा म्हणून. पांढरा, त्यावर लाल चेरी, गळ्याशी ही मोठी बो. वय लिहिलं अकरा, कारण मोठ्यांनी पाठवलेले फ्रॉक घेतच नव्हते. फ्रॉक निवडायची ऑफिसातली मिस कीओ. तिनं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, गालातल्या गालात हसली, आणि कागद टाकला माझ्याच टेबलावर. आणि छापलं हो! "सिडनी लिप्किन, वय ११, ब्रुकलिन." मी धावत घरी. आईनं चष्मा लावला, नावावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग मान वर करून म्हणाली, "अकरा?... आणि फ्रॉक?" पण गेली हो घेऊन समोर! मिसेस पर्लमटर म्हणते, "अगंबाई, झाडू मारता मारता शिवणही शिकला वाटतं!" आई मात्र ते पान उशीखाली ठेवून झोपायची. शेवटपर्यंत.

आता हे परवाचं. मुलगी म्हणाली, "बाबा, त्या जत्रेला जाच तुम्ही, हल्ली जुन्या चित्रकारांची कदर होते." कदर! तो मघाचा पोरगा, ट्रेव्हर, पांढरे हातमोजे घातलेला, एकेक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत बाळासारखा निजवलेला, म्हणतो, "फ्लॉसी मिस्टर ऑग्डेननी काढली, सही आहे ना."

"सही त्याची रे, हात माझा!"

"बरं, नाव काय आपलं?"

"सिडनी लिप्किन."

आणि त्याचे डोळे चमकले! खरंच चमकले! म्हटलं, आई गं, आली वेळ! त्यानं घाईघाईनं एक अंक उघडला, चेरीचा फ्रॉक माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "हे तुम्ही! वय अकरा! मग आजोबा, अकराव्या वर्षी तुम्ही अख्खं मासिक कसं काढणार?"

"अरे गाढवा, मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा घोडा होतो!"

"पण छापलंय ना," तो म्हणाला. अगदी प्रेमानं, म्हातारा चळलाय अशा सुरात. आणि ओरडला, "अरे या इकडे! फ्रॉक पाठवणारा एकमेव मुलगा सापडला!"

रांग लागली, तुम्हाला सांगतो. जन्मात पहिल्यांदा माझ्यापुढे रांग. ऑग्डेनचं नाव घेत घेत येत होते आणि फ्रॉकवर माझी सही मागत होते. काय करता? घेतलं पेन. म्हटलं, चला, एकदाचं, हात माझा आणि नावही माझंच! सही केली, तर ट्रेव्हर हळूच म्हणतो, "आजोबा, खाली वयही लिहा ना."

लिहिलं. अकरा.